ओपीडीमागचा चर

बाबा, ज्या हॉस्पिटलच्या बागेत माळीकाम करण्यात तुमची सगळी हयात गेली, तिथलं पावसाचं पाणी जागीच मुरवायचं काम माझ्याकडे आलं. झाडं, हिरवळ, पाणी साठू न देणं, अशी मोठी योजना होती. एवढ्यासाठी इंजिनिअर कशाला लागतो, म्हणून तुम्ही हसला असतात.

मला एक उन्हाळा आठवतो. शाळेला सुट्टी आहे, मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि तुम्ही ओपीडीच्या मागून कडुनिंबाखालच्या सखल जागेपर्यंत चर खोदताय. जेमतेम वीतभर खोल आणि सगळा वाकडातिकडा. तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात मी मदत म्हणून खुरप्याने त्याचं एक वळण सरळ करून टाकलं. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "काहून सरळ करून राहिली वं? सरळ केलं का पाणी पळते. पळालं का माती घेऊन जाते. ह्या काळ्या मातीले हळूहळू पाजा लागते." मी फुगून बसले. मग तुम्ही वाळ्याचं एक ठोंब माझ्या हातात दिलंत आणि ते वळणावर माझ्याकडूनच लावून घेतलंत.

पाहणीच्या दिवशी तोच चर समोर होता, गवताने भरलेला. अधीक्षक, ठेकेदार, माझ्या ऑफिसची पोरं, सगळे सोबत. वॉर्डातल्या एक म्हाताऱ्या आयाबाई जवळ आल्या. "तू माळीबाबाची पोरगी न वं? हा चर त्यायचाच हाय. बुजवू नको माय, सारं पाणी इथूनच जाते." मी म्हणाले, "नाही हो, तुमची काहीतरी चूक होतेय." आणि ठेकेदाराला म्हटलं, चलो, आगे दिखाओ. चर बुजला, वर फरसबंदीचे सिमेंटचे गट्टू बसले. त्याऐवजी मी चार खोल शोषखड्डे घेतले. काळी माती भिजून फुगली की असले खड्डे पाणी पीत नाहीत, हे मला कॉलेजातही शिकवलं होतं. पण मला तो चर डोळ्यांसमोरून घालवायची घाई झाली होती.

जुलैत दोन दिवस झड लागली आणि ओपीडीत घोटाभर पाणी शिरलं. पायाला प्लास्टर असलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या दोन सुना बाकावर चढवत होत्या. आयाबाई पदर खोचून वायपरने पाणी लोटत होत्या. माझ्याकडे एकदा पाहून त्या पुन्हा पाणी लोटायला लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या दिवसाची लाज अजून जात नाही, बाबा.

मग गट्टू उखडून मी चर पुन्हा काढला, तुमचाच, वळणांसकट. यंदा ओपीडी कोरडी राहिली. लोक बघायला येतात, फोटो काढतात. आता तिथे फलक लागणार आहे. 'संकल्पना' याखाली कोणाचं नाव घालायचं, असं अधीक्षकांनी विचारलं, आणि मी माझं दिलं. तुमचं घातलं तर हे कोण म्हणून विचारतील, आणि मला सांगावं लागेल. फलक परवा रंगवायला जातोय. नाव बदलायला एक फोन पुरे आहे, आणि तो मी अजून केलेला नाही.

हे पत्र मी कपाटात, कुलपात ठेवणार आहे. माझी मुलगी आता मराठी वाचते, आणि तिचे आजोबा हॉस्पिटलच्या ऑफिसात साहेब होते, असं मी तिला सांगून ठेवलंय.