अनामिकेवर तीनशे वेळा

३ फेब्रुवारी, सकाळ
"तू नुसती बसून राहिलीस." आई हे एकदाच म्हणाली, पस्तीस वर्षांपूर्वी, माझा धाकटा भाऊ सुजीत गेला त्या संध्याकाळी. तो चार वर्षांचा, मी नऊची. त्याला खोकला होता. आई डॉक्टरांना आणायला गेली होती. खरं तर मी बसले नव्हते. तिने सांगितलं होतं तसं दारं-खिडक्या लावून शेगडीवर ओव्याची धुरी घालत होते. असो. त्याचा आणि आजच्या निश्चयाचा काहीही संबंध नाही.
निश्चय: माझ्या लेकीचा, ईश्वरीचा खोकला मी माझ्या हातांनी बरा करणार. लहान मुलांचा चायनीज मसाज. एका सकाळचा क्लास केला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं.

३ फेब्रुवारी, दुपार
अनामिकेच्या टोकाच्या पेरावर अंगठ्याने तीनशे वेळा चोळायचं. फुफ्फुसाची जागा तिथे. मग छातीच्या मधोमध, मग पाठीवर. ईश्वरी पहिलीत आहे, गप्प बसत नाही. "ममा, इट टिकल्स!" एकशे चाळीसला मोजणी चुकली. पुन्हा एकपासून. क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, वातावरण शांत हवं. आमच्या फ्लॅटमध्ये वातावरणच नाही.

५ फेब्रुवारी
वातावरणाचा प्रश्न सुटला. शेजारच्या रशीदाने बखूर दिला. निखाऱ्यावर ठेवायचा सुगंधी धूप, इथे आखातात पाहुणे आले की घरोघरी फिरवतात. वर म्हणाली, "कपड्यांना दाखव गो, खोली कोंडू नको." रत्नागिरीची आहे, प्रेमळ आहे, पण थेरपीतलं कळत नाही. बाहेर धुळीचं वादळ, खिडक्या बंदच. खोली अगदी गाभाऱ्यासारखी झाली. ईश्वरी जास्त खोकली. चांगली खूण. कफ सुटतोय.

८ फेब्रुवारी
आता धूप आणि मसाज दिवसातून दोनदा. गुणवंत मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून आला आणि दारातच म्हणाला, कुणाचं लग्न आहे? मग म्हणाला, यल्ला, चल, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, चार दिवस थांब. तुझ्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू असताना तू माणसाला मध्येच थांबवतोस का? तर म्हणे, एवढा धूर झाला तर थांबवतो.
नवऱ्यांना विनोद सुचतात.

९ फेब्रुवारी
ईश्वरीच्या खोकल्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजते. सुजीतची वाजायची तशी. ती शाळेत गेल्यावरही दोनदा ऐकू आली. एसीचा आवाज असणार. फिल्टर साफ करणे.

११ फेब्रुवारी
दिवसातून तीनदा. तिचं बोट लाल झालंय. मला पाहिलं की हात पाठीमागे लपवते. लपवू दे. मी काही नुसती बसून राहणार नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
ईश्वरीला जिना चढताना धाप लागली. गुणवंतने तिला उचललं, माझ्याकडे न बघता गाडी काढली. डॉक्टरांनी मशीनची वाफ दिली. अर्ध्या तासात श्वास मोकळा. मग विचारलं, घरात काही जाळता का? मी 'नाही' म्हणतच होते, तेवढ्यात ईश्वरी उत्साहाने म्हणाली, "थ्री टाइम्स अ डे! विथ द डोअर क्लोज्ड!"
डॉक्टर म्हणाले, मसाजने काही बिघडलं नाही, बिघडलं ते धुराने. बखूर गुणवंतने कचऱ्यात टाकला. एकच शब्द बोलला. खलास.

१४ फेब्रुवारी
ईश्वरी बरी आहे. दोन दिवसांत एकदाही खोकली नाही. शिट्टी मात्र ऐकू येते. फिल्टर साफ आहे.
सुजीतला न्यूमोनिया होता, असं तेव्हा सगळे म्हणत होते. तेवढंच होतं का, आता कोण सांगणार?
इतकी वर्षं आईला एकच सांगायचं होतं, की मी नुसती बसले नव्हते. ओवा टाकत होते. तिला यायला उशीर झाला, तेव्हा मुठीमुठीने टाकला.
आज तिला फोन करणार आहे. सुजीतचं नाव काढलं की ती 'कुकर लावलाय' म्हणून फोन ठेवते. आजही ठेवेल. तरी एक मागणार आहे.
आई, ते वाक्य पुन्हा एकदा म्हण ना. मी नुसती बसून राहिले होते, असं.