बॉम्बरचा रेडिओ आणि शंभरचा बल्ब

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

लहूकाका,

पोरीच्या हातात सोल्डरिंग आयर्न देणार नाही म्हणाला होतात ना? मग ऐका.

आमच्या लॅबमध्ये महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचा रेडिओ बंद पडून होता. विमान डावीकडे सरकलं की हेडफोनमध्ये छोटी पीप वाजायची, उजवीकडे सरकलं की लांब, आणि बरोबर वाटेवर आलं की एक सलग सूर.

प्रोफेसर त्याला थेट पॉवर द्यायला निघाले. मी म्हटलं, थांबा! तुम्ही दुकानात लावता तसा शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला, म्हणजे करंट आधी बल्बमधून जाऊन मगच सेटमध्ये जाईल. एलईडी चालत नाही, म्हणून जुना तारेचाच शोधून आणला. बल्ब भक्कन पेटला, म्हणजे आत शॉर्ट. थेट पॉवर दिली असती तर सेट जळालाच असता. मी कपॅसिटर बदलला, बल्ब मंदावला, टेस्ट सिग्नल दिला आणि काका, ऐंशी वर्षांनी तो सूर आला, सलग! सगळी लॅब ओरडली. सगळ्यात मोठ्याने मी.

हे पत्र पाठवणार नाही. "बल्ब तर माझाच" म्हणत नागपूरभर मिरवाल.

प्रोफेसरांनी विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, काकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. बाहेरच्या पायरीवरून बघून, हे नाही सांगितलं.

पायरीवरची तुमची,
संघमित्रा