काचेवरचे डाग

मंगळवार, वसमत

आज ऑफिसात संगीताताईनं विचारलं, "तुझ्या बाबांना टॅबवर वाचणं जमतं का गं? सासऱ्यांसाठी घ्यावा म्हणते." मी म्हणाले, मस्त जमतं, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं.

संध्याकाळी बुद्धविहारात गेले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तिथं दरवर्षी तोच ग्रंथ वाचायचा मान बाबांचा, मी लहान होते तेव्हापासून. काचबिंदूनं नजर कमी झाली म्हणून मी टॅब आणला. पण पुस्तकाची सवय जात नाही. पान उलटायला बोट जिभेला लावतात आणि ते ओलं बोट काचेवर फिरवतात. ते डाग रोज मी पुसते.

आज जागा नव्हती, म्हणून बाबांच्या मागंच बसले. बाबा खणखणीत वाचत होते, ओलं बोट बराबर फिरत होतं. आणि टॅब बंद होता. दुपारभर लाईट नव्हती, चार्जिंग संपलं असणार. काळ्या काचेवर नुसते बोटाचे डाग. माझ्या शेजारी बसलेल्या गौतमकाकांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. मग मला काहून कळलं नाही?

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, आज जरा तकलीफ झाली. अक्षर अजून थोडं मोठं कर."

"व्हय बाबा, केलं."

खरं तर अक्षर गेल्या पौर्णिमेलाच सगळ्यात मोठं झालंय. तेव्हापासून मी नुसतंच "केलं" म्हणते, आणि बाबा म्हणतात, "हां, आता बराबर दिसतंय."