सांध्याखालची पालवी

मास्तर,

आज सोमवार, १५ मे १९३३, दुपारचे सव्वातीन. वेळ तुमच्याच घड्याळाची आहे. ते अजून आठवड्याला चार मिनिटे मागे पडते आणि दर शनिवारी मी ते पोस्टातल्या घड्याळाशी लावून घेतो. मी पडवीत आंबे गवतात लावीत होतो, हापूस एकीकडे आणि रायवळ दुसरीकडे. माझ्या आठ झाडांपैकी दोन हापूसची आहेत. बाकीच्या सहांना यंदा पहिल्यांदाच फळ धरले, आणि ती सगळी रायवळ निघाली. सकाळी दलालाचा माणूस कातळावर फिरून आला आणि हसत म्हणाला, "कलमांची बाग म्हणून सांगितलंत, आणि ही सहा कोणी लावली? माकडांनी?" मीही हसलो. मात्र तो गेल्यावर बराच वेळ घाम पुसत बसलो.

तुम्ही तुमचा तो कातळ आणि त्याच्या पायथ्याची भाताची मळी आम्हा दोघांना दाखवलीत, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. पाचवीत शाळा सुटलेली. बाबा वीस वर्षे खोताची जमीन कसत होते, पण खोत त्यांना एका तुकड्यावर टिकू देत नसे. यंदा वरचे खाचर, पुढल्या साली खालचे, म्हणजे कशावरच त्यांचा हक्क लागू नये. माझ्या शेजारी बाकावर बसणारा माझा मित्र, त्याच्या घरी तेवढेही नव्हते. आमच्या वयाची सगळी मुले आगबोटीने मुंबईला चालली होती. तुम्ही म्हणालात, "मळी एकच आहे. दोन तुकडे केले तर दोघेही उपाशी मराल. तेव्हा कातळात खड्डे घ्या, आठ-आठ कलमं लावा आणि दोन उन्हाळे जगवा. ज्याची जास्त जगतील त्याला मळी आणि कातळ कायम कुळाने कागदावर करून देतो."

मित्र म्हणाला, "आनि दोघांची सारखी जगली तर?"

"तर मरेपर्यंत तुमची भांडणं सोडवत बसेन. दुसरं काम काय आहे मला?"

पहारीने कातळ फोडताना आमच्या दोघांच्या हातांची सालटी गेली. माती आम्ही ओढ्यावरून टोपल्यांनी डोक्यावर आणली. पहिल्याच पावसाळ्यात गुरे कुंपण मोडून आत शिरली आणि त्याची पाच कलमे पार सांध्यापर्यंत, म्हणजे हापूसची काडी रायवळ रोपाला जोडतात तिथपर्यंत, खाऊन गेली. कलम वरून मेले तरी खालचे रायवळ रोप जिवंत राहते. सांध्याच्या खालून हिरवीगार पालवी फुटते आणि दुरून पाहणाऱ्याला झाड जगले असेच वाटते. मित्राने ती सगळी पालवी हाताने मोडून टाकली. "ऱ्हाऊ दे की," मी म्हटले. तो म्हणाला, "मास्तरांच्या कातळावर रायवळ कशाला पोसू? रानात काय कमी हायत?"

दुसऱ्या उन्हाळ्यात खोताच्या कचेरीत नकला करायला मला आठ दिवस बोलावले, अक्षर चांगले म्हणून. मित्र म्हणाला, "जा तू. तुज्या झाडांना पानी मी घालतो. माजी तीनच तर हायत." मी त्याला म्हणालो, "माझ्या झाडांना हात लावू नको." त्याने मुळाशी काही केले तर, अशी मला भीती वाटली होती. ती अजून मला नीट लिहवत नाही. नवव्या दिवशी परत आलो तेव्हा सहा कलमे शेंड्यापासून सांध्यापर्यंत वाळली होती. पंधरा दिवसांनी खालून पालवी आली. मी वाळलेले भाग कापले, सांध्यावर शेण-माती जाड लिंपली आणि कुंपणे हातभर उंच केली.

मृगाच्या आदल्या दिवशी तुम्ही पाहायला आलात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून मित्राच्या खांद्यावर हात ठेवून चढलात. तो आधीच म्हणाला, "मास्तर, माजी पाच मेली. तीन हायत." मग माझ्या झाडांपाशी तुम्ही एक पान तोडलेत, चुरगाळलेत, नाकाशी धरलेत. हापूसच्या आणि रायवळच्या पानाचा वास सारखा नसतो. त्या दिवशी तुम्हाला पडसे होते, असे मी सात वर्षे स्वतःला सांगत आलो आहे.

"आठही?" तुम्ही विचारलेत.

"हो," मी म्हणालो.

मित्र कुंपणावरून वाकून सांध्याकडे पाहत होता. त्याने नखाने थोडी माती खरवडली, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "तुजी बरी जगली रे." आठव्या दिवशी तो आगबोटीत बसला; त्याची तीन कलमे कातळावर राहिली.

तुम्ही कागद करून दिलात आणि वर हे घड्याळ दिलेत. म्हणालात, "पाण्याची वेळ चुकवायची नाही, शेतकरी झालास आता." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून दर पावसात मी या मळीत भात लावतो. मला इथून कोणी हलवत नाही. बाबा शेवटपर्यंत बांधावर बसून मळीकडे पाहत आणि म्हणत, "पोराने मिळवली."

गेल्या गुरुवारी मित्राचे कार्ड आले. गिरणीने त्याला कमी केले आहे. लिहितो, "तुझ्या मळीतला एखादा कोपरा लावणीपुरता अर्धेलीने देशील काय? बायकोमुलांना घेऊन येईन. पिकेल त्यातले निम्मे तुझे." कार्ड घड्याळाखाली ठेवले आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून.

खरे म्हणजे आज मी त्यालाच लिहायला बसलो होतो. मायना तुमचा पडला, कारण तुमचा जबाब येणार नाही. तुम्हाला पत्र कुठल्या पत्त्यावर घालणार? हे पेटीत जाईल, जमिनीच्या कागदाखाली.

एक सांगायचे राहिले. कार्ड आले त्याच दिवशी मी उत्तर लिहिले होते: "ये. कोपरा देतो. अर्धेल चालेल." अक्षर नेहमीसारखे सुबक आले होते, एकही खाडाखोड नव्हती. ते फाडायला मला चार दिवस लागले. दुसऱ्या कार्डावर आता एवढेच लिहिले आहे: "तुझी तीन जगली होती. माझी दोन."

पत्ता अजून घातलेला नाही.