गंगामावशींच्या पत्र्याची भोकं

लातूर. मंगळवार, २४ ऑक्टोबर १९९५

क्लासच्या पोरांना ग्रहण दाखवायला सकाळी मैदानात दुर्बीण लावली. एकही आलं नाही. घरच्यांनी सोडलंच नसणार! चिडूनच परतलो, तर शेजारच्या गंगामावशींनी बंद दाराआडून हाक मारली, "सर, आत या, भिंतीवर काय उमटून राहिलंय बघा!"

भूकंपात घर पडल्यापासून त्या जुन्या पत्र्यांच्या खोलीत राहतात. पत्र्यांना खिळ्यांची भोकंच भोकं. प्रत्येक भोकातून सूर्याची एक कोर भिंतीवर उतरली होती. ग्रहण दिसू नये म्हणून दार लावून बसलेली बाई, आणि हिच्याच घरात भिंतभर ग्रहणं! त्या भोकांखाली मी कितीदा चहा प्यालो, मला कसं सुचलं नाही?

दिवाळीनंतर ती भोकं डांबरानं बुजवून देतो, असं मीच कबूल केलं होतं.

मी निघताना म्हणाल्या, "सर, दोन-चार ऱ्हाऊ द्या."