भागीरथाबाईंकडची कॉफी

हुडकेश्वर, नागपूर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुभद्रा,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. शिमगा झाल्यावर गेलीस, आता दिवाळीही होऊन गेली. फोन केला की मयुरा म्हणते, आई आंघोळीला गेली. दिवसातून चार वेळा कोण आंघोळ करतं? म्हणून शेवटी लिहायला बसलो. सातवीपर्यंतचं शिक्षण माझं, चुकेल तिथे समजून घे.

इकडे ठीक आहे. थंडी पडली. तुझी बीपीची गोळी भिलाईत मिळते ना? सकाळीच घेत जा. मी कुलूप लावून निघतो आणि कोपऱ्यावरून परत येतो, गॅस बंद केला की नाही पाहायला. परवा तीनदा आलो. तू होतीस तेव्हा एकदा विचारायचो, तू "केला" म्हणायचीस, की झालं.

मसाल्याच्या डब्यात जायफळ सापडलं, अर्ध्याच्या वर घासलेलं. आपल्याकडे पुरण वर्षातून दोनदा. मग लक्षात आलं, दुपारच्या कॉफीसाठी तू ते भागीरथाबाईंकडे नेत होतीस.

त्या दिवसाचं लिहायचं नव्हतं. पण ते सोडून दुसरं काही सुचत नाही. मी त्यांच्या घरात शिरलो, चार बायांसमोर तुझ्या हातातला कप ओढला आणि मोरीत ओतला. कारण बीपीचं सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं, बाया म्हणतील, ह्याच्या घरी बायकोला कॉफीही मिळत नाही. आणि मिळत नव्हतीच. मीच घरात येऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी म्हणून मयुराकडे गेलीस.

गेल्या बुधवारी दुपारी मी भागीरथाबाईंकडे गेलो. बाया बसलेल्याच होत्या. दारातूनच विचारलं, सुभद्रा कॉफी कशी प्यायची?

भागीरथाबाई म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षं तिच्या हातचा चहा पेले, अन् तिले काय आवडते ते मले पुसून राहिले, भाऊजी?"

"कप सांभाळा वं," पुष्पलता म्हणाली, "भाऊजी आले."

सगळ्या हसल्या. मी उभाच होतो. म्हटलं, "माझं चुकलं. तुमच्या घरात येऊन तिच्या हातातला कप हिसकायला नको होता." मग कोणी हसलं नाही. भागीरथाबाईंनी खुर्ची पुढे केली.

कॉफी न् साखर दोन थेंब पाण्यात पांढरी होईस्तोवर फेटायची, वरून उकळतं दूध, मग जायफळ. एवढं सांगितलं. साखर किती, ते मात्र सांगितलं नाही. "ते तिलेच विचारा."

रोज फेटून पाहतो. मनगट दुखतं. एक चमचा घातला की वाटतं तुला कडू लागेल, दोन घातले की वाटतं फार गोड झाली.

आलीस तर कॉफी घरी होईल. भागीरथाबाईंकडेच प्यावीशी वाटली तर तिकडे जा, मी मागे येणार नाही. यायचं नसेल तर तसंही कळव. दाराची कडी वाजली की मी उठतो, आणि दूधवाला असतो. साखर किती, एवढी एक ओळ लिहिलीस तरी पुष्कळ झालं. पण मयुराकडून लिहून घेऊ नको. तुझ्या हातानं लिही, आणि लवकर लिही.

तुझी वाट पाहणारा,
ताराचंद