कडक जेलवरचे दहा दिवस

छकुले,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये माझ्या हातून घोळ झाला. मऊ जेलच्या बशीत वाढवायच्या पेशी मी कडक जेलवर ठेवल्या. पेशीला डोळे नसतात गं. ती खालच्या जेलला चिकटते आणि ओढून बघते, हे हलतंय का. हललं तर सैल राहते. नाहीच हललं तर स्वतः ताठ होते. दहा दिवसांनी चूक कळली, तेव्हा मी त्यांना गुपचूप मऊ जेलवर हलवलं. वाटलं, सावरतील. आज मॅडमनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला. आता कितीही मऊ दिलंत तरी या ताठच राहणार."

तुझे बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. चौथ्याच दिवशी मी कामावर निघाले, तर तू माझी बाही ओढलीस. "आई, माझ्याबरोबर रड ना." मी म्हटलं, "सोड, उशीर होतोय." तू आणखी दोनदा ओढलीस. मग पुन्हा कधीच नाही. मी मेली लोकांना कौतुकाने सांगत सुटले, पोरगी किती समजूतदार आहे!

रविवारी तू आलीस, पण पर्स मांडीवर ठेवूनच बसलीस. निघताना तुझा हात धरून मी रडले. तू एकेक बोट अलगद सोडवलंस.

"सोड ना आई, उशीर होतोय."

त्यात राग नव्हता. आवाज अगदी माझा होता.

तुझी,
आई